दानम्माचा लिंब

माझे सासरे ग्यानोबा दर रविवारी एकच सांगतात. अहमदपूरच्या रस्त्याला पत्र्याचं शेड, तेच आमचं चर्च. सतरंजीवर पंधरा-वीस माणसं आणि समोर डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले मामा. "संदेष्टे आले अन् गेले. कुणी राजाला सांगितलं, कुणी रस्त्यावरच्या माणसाला. पर सांगणं एकच. वळा, अन् देव सांगतो तसं करा." मागून कुणीतरी हळूच म्हणतंच, "मामाची कॅसेट तिथंच अडकली." लग्न होऊन आले तेव्हा मीही पदर तोंडावर धरून हसायचे.

या उन्हाळ्यात मला हसू आलं नाही.

आमच्या शेताला लागून दानम्मा काकूंचं शेत. मधे बांध, बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड आणि दगडाच्या पलीकडे, त्यांच्या रानात, लिंबाचं झाड. हरभरा खुरपायला जायचे तेव्हा लेक अगदी तान्ही होती. काकू म्हणाल्या, "झोळी माझ्या लिंबाला बांध की. लेकराला काय कळतंय सावली कुणाची ते?" पहिली गाठ त्यांनीच मारून दाखवली.

बांध कोरायची खोड आमच्याकडे जुनीच. नांगरताना नांगराच्या रेघेएवढं एखादं तास पलीकडचं घ्यायचं, पुढच्या वर्षी आणखी एक. पण ह्यांचं एका तासावर भागलं नाही. संक्रांतीनंतर काकू लातूरला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि एका दुपारी ह्यांनी ट्रॅक्टरनं बांधच मोडला. मग पहारीनं दगड उचकटला. मी झोका देत होते.

"बघ गं, रस्त्यानं कुणी येतंय का."

मी बघितलं. कुणी येत नव्हतं. तसं सांगितलं. दगड लिंबाच्या पलीकडे रोवला गेला. झोळी जागची हलली नव्हती, तरी माझी लेक आता आमच्या शेतात झोपली होती.

मे महिन्यात काकू परतल्या. शेत बघून थेट आमच्या ओट्यावर आल्या.

"ग्यानोबा दादा, माझा लिंब पाय फुटून तुमच्या रानात गेला की वो!"

"लिंब पहिल्यापून आमचाच हाय, काकू," हे म्हणाले. "तुम्ही वयानं इसरून राहिल्या."

"असंल रं बाबा विनोदा. मला मोजणी-बिजणी न्हाई करायची. तुझा बाप देवाचं सांगतो, त्याच्या घरात कुणी खोटं बोलायचं न्हाई. तुझी बायको रोज तिथं झोळी बांधायची. ती सांगंल ते खरं."

मामा माझ्याकडे वळले. त्यांना दिसत नाही, तरी नजर बरोबर माझ्या तोंडावर आली. "राजकन्या, दगड होता तिथंच हाय का गं?"

लेक अंगावर पीत होती. हे दारात उभे होते. डोळे वटारले नाहीत की काही नाही. पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली, एवढंच.

"हाव, मामा."

काकू जवळ आल्या. लेकीच्या पायातला वाळा सरळ केला आणि गेल्या.

खरं सांगावं तर नवरा गावात उघडा पडणार. माहेर विष्णुपुरीला, तिथं भावाच्या दोन खोल्या, त्यात सहा माणसं. लेकीला घेऊन जाऊ कुठं? गप्प बसावं तर त्या लिंबाखाली पाऊल पडेना. झोळी घरातच आढ्याला बांधली, पण लेक तिथं झोपेना. किरकिर करायची, आणि मला वाटायचं, हिला कळलंय. मामा ओट्यावर रविवारचं घोकत बसायचे. "वळा," ऐकू आलं की माझा पिठातला हात थांबायचा.

एकदा न राहवून विचारलं, "मामा, ह्या संदेष्ट्यांना दुसरं काही सांगायला नव्हतं का?"

मामा हसले. "लोकांनी ऐकलं असतं तर दुसरं सांगितलं असतं की."

त्या रविवारी साक्षीची वेळ आली. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून बोलायचं, अशी आमच्यात रीत. बाया ताप उतरल्याचं सांगतात, देवाचे आभार मानतात. मी लेकीला कडेवर घेऊन उठले.

"दगड होता तिथं न्हाई. आम्ही हलवला. रस्त्याकडं लक्ष मी ठेवलं. अन् मामाला हाव म्हटलं ते खोटं म्हटलं."

हे ताडकन उठून बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मामा माझ्या आवाजाच्या दिशेनं पुढं आले.

"हे मला कशाला सांगतीस? दानम्मा हाय का हितं?"

"न्हाई."

"मग? वळायचं म्हंजी नुसती मान वळवायची का? चल. मला दिसत न्हाई, हात धर."

"मामा, उपासना?" कुणीतरी विचारलं.

"तिकडंच चाललोय."

काकू शेतातच होत्या, लिंबाखाली. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, खोटं तुला पचायचं न्हाई. न्हाई तर तुला कशाला इचारलं असतं?" मामांनी चाचपत दगड धरला, जोर लावला. तो हलेना.

तेवढ्यात हे आले. गाडीवरूनच पहार फेकली. "घ्या, उपटा! अन् उद्यापून मला वाढू नको." मागं न बघता निघून गेले.

पहारीवर मामांनी भार दिला, मी आणि काकूंनी ढकलला. दगड उलटा-पालटा होत लिंबाच्या अलीकडे आला. तिघांचे तळहात सोलले. वाटेत घरून घेतलेली झोळी मी पिशवीतून काढली, पण तशीच हातात धरून उभी राहिले.

"काकू, बांधू का?"

"इचारतीस काय? लेकरू उन्हात हाय. अन् गाठ नीट मार, मागं ढिली मारायचीस."

आज आठ दिवस झाले, हे माझ्याशी बोलत नाहीत. मी ताट झाकून ठेवते. कधी जेवतात, कधी ताट तसंच राहतं. त्याच घरात, त्याच दारातून मी ये-जा करते. लेक 'बा बा' करत त्यांच्याकडे रांगत जाते, तेवढं उचलून घेतात.

सकाळी मामांनी पुन्हा तेच सांगितलं. वळा, अन् देव सांगतो तसं करा. कॅसेट अडकल्याचं आज कुणी म्हणालं नाही. हे आले होते. शेडच्या दाराशी बसले होते, एक पाय आत, एक बाहेर उन्हात.