फॉर्मवरचं वय

रक्त काढणाऱ्या बाईंनी गरोदर सुनेपुढे फॉर्म सरकवला. "वय खरं लिहा हं. रक्तातले आकडे आणि आईचं वय एकत्र धरूनच बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, ते काढतात."

वयाच्या रकान्यापाशी सुनेचं पेन अडलं. लग्न जमवताना तिच्या आईने लेकीची चार वर्षं बिनबोभाट गिळून टाकली होती आणि आता सासूबाई चष्मा लावून शेजारीच बसल्या होत्या. शेवटी मनाचा हिय्या करून तिने छत्तीस लिहिलं.

सासूबाईंनी वाकून आकडा वाचला. मग फॉर्म हातात घेऊन वरपासून खालपर्यंत दोनदा तपासला आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"बरंय बाई," त्या म्हणाल्या, "यात बापाचं वय विचारत नाहीत."