निळ्या रंगाचं बाक

कुंपणात चौदा थडगी होती. अकरांवर नावं, दोन बिननावाची, तान्ह्या बाळांची. चौदावं लोखंडी क्रूसाचं, रशियन माणसाचं. त्याच्यापाशी एक बाक. मार्था फान टोंडरनं सकाळपासून तिसऱ्यांदा मोजलं. उद्या तेरा राहणार होती. अस्थी न्यायच्या म्हणून त्या रशियन माणसाच्या घरच्यांचं पत्र आलं, तेव्हा नाही कसं म्हणायचं? रक्ताचा हक्क त्यांचा.

कूसची गाडी फाटकाशी थांबली. हौद्यात जस्ताची पेटी होती, हातभर लांब. एवढ्याशा पेटीत माणूस मावतो हे पाहून मार्थानं तोंड फिरवलं.

"तोंड पाडू नकोस, वहिनी," तिचा दीर कूस उतरत म्हणाला. "तुझा कोण लागतो तो?"

"तुझा तरी कोण? पण तुझ्याच पणजीनं त्याच्या तोंडात पाणी घातलंय."

अस्थी न्यायला आलेला पाहुणा ग्लेब सावेल्येविच हा त्या रशियन माणसाच्या भावाचा पणतू. शंभरावर वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध बोअरांच्या बाजूनं लढायला आलेला तो तरुण याच शेतावर विषमज्वरानं गेला होता. ग्लेबचं इंग्रजी मार्थाइतकंच तोडकंमोडकं होतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

तो बाकापाशी थबकला. हात लावला, बोटं निळी झाली.

"ओलं आहे?"

"सकाळीच रंग दिला. ईस्टर आला ना."

"उद्या त्याला नेणार, आणि ही आज बाक रंगवतेय!" कूस हसला.

"निळाच का?" ग्लेबनं विचारलं.

"सासूबाई निळाच द्यायच्या. त्यांच्या सासूबाईही. इंग्रजांनी घर जाळलं, कूसची पणजी त्यांच्या कैदेच्या छावणीतून परतली तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हतं. तरी आधी बाक केलं म्हणतात. तापात तो रशियन सारखा सांगायचा, आमच्याकडे थडग्यापाशी निळं बाक असतं, नाहीतर भेटायला आलेलं माणूस उभ्यानंच परततं."

ग्लेब मटकन बाकावर बसला.

"अहो, रंग!"

तो उठला नाही. "आमच्या गावातल्या बायका ईस्टरआधी हेच करतात," तो म्हणाला. "घरी सगळ्यांना वाटायचं, तो इथं एकटा पडलाय." मग कूसकडे वळून, "पेटी उतरवू नका."

मार्थाला एकदम हुंदका आला. तो तिनं खोकल्यात दडवला. "कॉफी घेणार ना? रस्क ताजे आहेत."

"आणि पेटीत काय ठेवू? बटाटे?" कूस म्हणाला.

निघताना ग्लेबनं तिच्या वडिलांचं नाव विचारलं; त्याच्याकडे आदरानं हाक मारताना ते नावाला जोडतात. हेन्ड्रिक, ती म्हणाली.

"मार्था हेन्ड्रिकोव्ना, थोडी माती द्याल? त्याच्या भावाच्या थडग्यावर घालीन."

पाठीवर निळे पट्टे घेऊन तो दारात उभा राहिला. मार्थानं क्रूसाच्या पायथ्याची माती चमच्यानं काढली, खडे आणि मुळं निवडली, कॉफीच्या डब्यात भरली आणि डबा स्वयंपाकघरातल्या पीठ तोलायच्या काट्यावर ठेवला; थडग्यांसारखंच, इथून काय गेलं तेही तिला मोजून ठेवायचं होतं.

डबा वजा जाता माती तीनशे चाळीस ग्रॅम भरली.