उसन्या कुंड्या

कुंड्यांचा ट्रक फाटकाशी येऊन थांबला आणि थोरलीने आतून कडी घातली.

थोरली म्हणजे दोघी जावांतली मोठी. पालिकेच्या त्या जुन्या बागेत ती कायम नोकरीवरची माळीण. धाकटी जाऊ तिच्याच हाताखाली, रोजंदारीवर. घरी एक चूल, बागेत एक पाइप, आणि दोन्हीकडे भांडण एकच: आधी पाणी कुणी घ्यायचं.

"मावशी, उघडा," सुपरवायझर केबिनमधून उतरत म्हणाला. "उद्या पाहणी आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? पाहणी आहे ना, पाहू देत की."

दरवर्षी उद्यान समिती बागा पाहायला निघायची. रोज एक बाग. कुठल्या बागेला किती माणसं द्यायची, किती पैसा द्यायचा, ते या फेरीनंतर ठरायचं. आणि समितीच्या एक पाऊल पुढे हा ट्रक निघायचा. फुललेल्या कुंड्या आदल्या दुपारी बागेत उतरायच्या, समितीची पाठ वळली की पुन्हा ट्रकात चढायच्या आणि पुढच्या बागेत जाऊन उभ्या राहायच्या. नाटक कंपनीतल्या राजासारख्या, गाव बदललं की राज्य नवं. त्या उतरवायचे माळीच. कोरड्या वाफ्यांपुढे ओळीने लावायचे, पानं पुसायचे. त्यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. पाहुणे आले की फाटकी चादर आपणच आत सरकवतो, तसं ते होतं.

ट्रकच्या कडेला एक कुंडी थोरलीने लांबूनच ओळखली. काठ फुटलेला, वर गुलाब मात्र गच्च फुललेला.

"ही भवानी अजून फिरतेच आहे का? माझ्याआधी ही काही निवृत्त होत नाही."

"हसा, मावशी, हसा. पण धाकटीला कायम करायचा कागद माझ्याच सहीने वर जातो, तेवढं लक्षात असू द्या."

आवाज खाली आणूनच बोलला तो. माणूस वाईट नव्हता. पण पाच बागा, एक ट्रक आणि वरून सारखे फोन, एवढ्यात माणूस चांगला तरी किती राहणार?

धाकटीच्या कानावर ते गेलंच. खुरपं टाकून ती तरातरा फाटकाशी आली.

"जाऊबाई, कडी काढा."

"नाही काढत."

"तुमचं पेन्शन पक्कं आहे, म्हणून तुमची जीभ चालते. माझं काय? कायम झाले तर वेगळी खोली तरी घेईन."

"माझ्यापासून सुटायला?"

"हो! तुमच्यापासूनच सुटायला!"

ट्रकचा ड्रायव्हर खुदकन हसला. थोरली हसली नाही.

"ऐक बये. तू आलीस तेव्हा या बागेत आपण चौघी होतो. पलीकडचा वाफा तेव्हाही आपल्याच्याने होत नव्हता. कुंड्या लावून मीच तो झाकला. समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, चौघींत बाग एवढी देखणी, तर दोघींतही होईल. झालं, दोघी घरी गेल्या. मग आपण दोघींनी दुप्पट कुंड्या लावल्या. आता म्हणतात, माळी हवेतच कशाला? मशीनवालं फिरतं पथक आठवड्यातून एकदा येऊन जाईल. आपल्याच हातांनी आपण दाखवून दिलं गं, की इथे हात लागत नाहीत. उद्या या कुंड्या लागल्या, तर तुझा कागद वर जाईल खरा, पण वर जागाच नसेल."

धाकटी सुपरवायझरकडे वळली. "पथकाचं खरं आहे का?"

तो ट्रकच्या चाकाकडे पाहत राहिला. "अजून ठरलेलं नाही."

"म्हणजे खरं आहे."

ती परत वाफ्यात जाऊन बसली. ट्रक थोडा वेळ घुरघुरत उभा राहिला, मग वळला.

संध्याकाळी घरात भांड्यांचंच बोलणं चाललं होतं. धाकटी एकेक पातेलं असं आपटत होती की थोरलीला वाटलं, उद्या समितीला ऐकू जाईल. मग एकदम ती थांबली.

"मग उद्या दाखवायचं काय? वाळकं गवत? ते म्हणतील, दोघी आळशी आहेत."

कडी घालण्यापुढचा विचारच थोरलीने केला नव्हता.

धाकटीने ओले हात पुसले. "कपडे वाळत घालायची मोठी दोरी कुठे ठेवलीत?"

दुसऱ्या दिवशी समिती आली तेव्हा बागेच्या मधून दोरी गेली होती, सरळ, ताणलेली. दोरीच्या अलीकडे हिरवळ कापलेली, वाफे निंदलेले, मोगऱ्याला आळं केलेलं. पलीकडे गुडघाभर गवत, फळ्या निखळलेलं बाकडं, पालापाचोळ्याने बुजलेला हौद. झोपाळे दोन होते आणि दोरी बरोबर त्यांच्या मधून गेली होती. अलीकडच्याला तेलपाणी झालेलं. पलीकडचा एका साखळीवर लोंबत होता, मोडक्या हातासारखा.

"हे काय आहे?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

थोरलीने तोंड उघडलं, पण धाकटी आधीच पुढे झाली होती.

"अलीकडे आम्ही दोघी. पलीकडे तुम्ही घरी पाठवलेल्या दोघी."

मागे कुणीतरी खाकरलं. अध्यक्षीणबाईंचा चेहरा ताठ झाला. "गेल्या वर्षी तर बाग छान होती."

"गेल्या वर्षी कुंड्या छान होत्या. त्या ट्रकमधून आल्या होत्या, ट्रकमधूनच गेल्या. तुमच्या पुढच्या बागेत तुम्हाला भेटल्या असतील, ओळख पटली नाही एवढंच."

सगळ्यांनी सुपरवायझरकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि पैसा कुठून आणू मी?" अध्यक्षीणबाईंचा आवाज चढला. "अंदाजपत्रक काय झाडाला लागतं? दवाखान्याचे काढून गवतात घालू?"

"नका घालू. पण मग लोकांना तसं सांगा, की आम्हाला अर्धीच बाग परवडते. दोरी राहू द्या, ज्याला त्याला दिसू दे. झाकायचं काम तेवढं आम्हाला सांगू नका."

"दोरी काढा."

"नाही काढणार."

धाकटीने दोरीवर हात ठेवला. "दोरी मी बांधली. तक्रार लिहायची तर माझ्या नावाने लिहा. जाऊबाईंनी फक्त टोक धरलं होतं."

"फक्त काय गं!" थोरली उसळली. "गाठ कुणी मारली?"

अध्यक्षीणबाई वाकून दोरीखालून पलीकडे गेल्या. गवतातून चालताना कुसळं कपड्यांना चिकटली. मोडक्या झोपाळ्याची साखळी त्यांनी हातात घेतली, सोडली. ती खणखणत राहिली. परत आल्या तेव्हा त्यांचा हात गंजाने लाल झाला होता.

"पथकाचा निर्णय पुढच्या बैठकीत," जाताना त्या म्हणाल्या. "आणि रोजंदारीच्या जागांचाही."

समिती गेली. धाकटी मटकन आळ्याशी बसली. "म्हणजे माझी खोलीही पुढच्या बैठकीत."

"राहा मग माझ्याच उरावर," थोरली म्हणाली आणि पाइप आधी तिच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक पुन्हा फाटकाशी. कुंड्या भरलेल्याच. सुपरवायझर उतरला, त्याच्या शर्टावर घामाचा नकाशा.

"मावशी, पुढच्या बागेतल्या माळ्यानेही कडी घातली. दोरीही बांधलीय. त्याच्या पुढचा तर फोनच उचलत नाही. या कुंड्या घेऊन मी जाऊ कुठे?"

थोरलीने कडी काढली, पण फाटक माणूस बाहेर पडेल एवढंच उघडलं. "पालिकेच्या पायऱ्यांवर ने. बैठक भरते तिथे, दारातच लावू. फुलांना रोज पाणी घालायला माणूस लागतो, ते जरा त्यांनाही कळू दे."

"माझी नोकरी जाईल हो."

"मग आमच्याकडे ये," धाकटी म्हणाली. "दोरीच्या पलीकडे पुष्कळ जागा आहे."

तो हसला की रडवेला झाला, कळलं नाही. पण त्याने केबिनचं दार उघडलं आणि थोरलीला चढायला हात दिला.

धाकटी मागे कुंड्यांतच चढली. काठफुटकी भवानी तिने मांडीवर घेतली, आणि ट्रक हलताच वाफ्यात बसून गुणगुणायची तशी, पण आता मोठ्याने, रस्त्याला ऐकू जाईल अशी म्हणू लागली:

उसन्या फुलाचा गं, कशाला मिरवू थाट,
मुळाला पाणी द्यावं, मग पाहावी वाट.

केबिनमधून थोरलीने दुसरी ओवी जोडली. आवाज तिचा चिरका, पण ताल पक्का:

फाटकाच्या कडीला गं, माझ्या हाताचं वंगण,
माझ्या घामानं फुलतं, साऱ्या गावाचं अंगण.