झाडलोट खर्च

चंद्रकलेला हवं होतं ते काही फार मोठं नव्हतं. गावच्या सोसायटीच्या चेअरमनची एक सही. सहकार आणि हिशेबाच्या सरकारी परीक्षेला मॅट्रिकवाल्यांनी बसायचं, तर सोसायटीत तीन वर्षं हिशेबाचं काम केल्याचा दाखला लागायचा. ते काम तिनं केलं होतं, मान मोडून केलं होतं. कोळवण खोऱ्यातल्या चार गावांना मिळून सचिव एकच. तो आठवड्यातून एकदा यायचा, चहा प्यायचा, सह्या ठोकायचा आणि एसटी पकडायचा. रोजची कीर्द लिहिणं, व्हाउचरं लावणं, जूनअखेर ताळेबंद जुळवणं, सगळं हिच्या गळ्यात. वर दर रविवारी पुण्याला परीक्षेच्या वर्गाला जायची, ते वेगळंच.

चेअरमन हैबतरावांनी दाखला दिलाही. घरी येऊन तिनं तो उघडला आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. ‘सदर मुलीने आमचे संस्थेत तीन वर्षे झाडलोटीचे काम केले आहे.’ खाली सही, शिक्का.

दुसऱ्या दिवशी ती तडक त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अण्णा, ह्ये काय लिवलंय?"

"कीर्दीत हाय तेच लिवलंय. तुजा पगार कुटल्या खात्याला पडतुया?"

ते खरं होतं. पहिल्याच महिन्यात हैबतराव म्हणाले होते, कारकुनाची जागा मंजूर न्हाई, तुजं पैसं झाडलोट खर्चात टाक, कोन बघतंय. अठरा वर्षांच्या पोरीनं ते टाकले, दर महिन्याला, स्वतःच्या वळणदार अक्षरात. बौद्धवस्तीतल्या पोरीचं नाव झाडूशेजारी लिहायला लावताना या गृहस्थांना काहीच खटकलं नव्हतं. आणि आता तीच कीर्द त्यांना एकदम पवित्र वाटायला लागली. लबाड माणूस, दुसरं काय.

"मंग ताळेबंद कुनी जुळवला? झाडूनं?"

"लई बोलू नगंस. कागद काय म्हनतुया ते बघायचं."

तिचा बाप कोंडीराम म्हणाला, जाऊ दे, पुढल्या सालाला बघू. पुढल्या सालाला काय हैबतराव बदलणार होते?

अर्जाची मुदत संपायच्या आत सोसायटीची वार्षिक सभा आली. शाळेच्या पडवीत सतरंज्या पडल्या. जमाखर्च वाचून दाखवायचं काम अर्थातच चंद्रकलेचं. एरवी झाडलोटीचा आकडा ‘किरकोळ खर्चा’त गुडूप व्हायचा आणि सभासद तंबाखू मळत माना हलवायचे. या वर्षी तिनं किरकोळ खर्च फोडून वाचला. टपाल. रॉकेल. शाई-कागद. मग म्हणाली, "झाडलोटीचा पगार, दरमहा."

हैबतरावांच्या घरची भांडी घासणारी गोजराबाई दारातच बसली होती. रोज येताजाता सोसायटीची खोलीही तीच झाडायची.

"कुनाचा पगार?" तिनं विचारलं. "मला तर अण्णा म्हनलं, सोसायटीत झाडायला पैसंच न्हाईत. इतकी सालं मी कपभर च्यावर झाडतीया."

चंद्रकलेला आजवर वाटत होतं, गोजराबाईला हैबतराव घरून काही देत असतील. तिला चेअरमनला चारचौघांत उघडं पाडायचं होतं, आणि निघालं हे.

"म्हंजे माजा पगार तू घेत व्हतीस व्हय गं?" गोजराबाई तिच्यावरच उलटली.

"मला लिवायचा पगार झाडलोटीच्या खात्यातनं दिला, मावशी. इचार अण्णांना. झाडत कोन व्हतं आन लिवत कोन व्हतं?"

तंबाखू मळणारे हात थांबले. हैबतराव इकडं तिकडं बघायला लागले. म्हातारा कुशाबा त्यांच्याच पंचमंडळातला, पण त्यालाही राहवलं नाही. "सांगा की, चेअरमन," तो म्हणाला.

"झाडायची गोजरा," हैबतराव पुटपुटले. "लिवायची ही."

"मोठ्यानं सांगा. मला सभेच्या वहीत घ्यायचं हाय," चंद्रकला म्हणाली.

सांगावं लागलं. तिनं तिथंच लिहिलं: ‘चंद्रकला कोंडीराम यांनी तीन वर्षे संस्थेचे हिशेब लिहिले. झाडलोट गोजराबाई यांनी केली. त्यांचा पगार संस्थेकडून देणे आहे.’ आणि वही पुढं सरकवली.

पहिल्या वाक्यावर हैबतरावांनी मान हलवली. शेवटच्या वाक्यावर पेन अडलं. "तुला दाखला पायजे न्हवं? घे की. हिचं कशाला मदी?"

चंद्रकलेनं वही तशीच त्यांच्यापुढं धरली. "वर्गात पयल्याच दिशी शिकिवलंय, अण्णा. देनाऱ्याचं जमा, घेनाऱ्याच्या नावं. हिनं दिलं, तुमी घेतलं. त्येबी लिवायचं. न्हाईतर माजाबी दाखला ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच."

सगळी सभा त्यांच्या पेनाकडं बघत होती. हैबतरावांनी सही केली, आणि मागोमाग हिशेबाच्या कामाच्या नव्या दाखल्यावरही.

वही मिटताना चंद्रकलेला आनंदबिनंद काही झाला नाही. आपलं काम आपणच केलं, एवढं कबूल करून घ्यायला सगळं गाव गोळा करावं लागलं, याची चीड तिच्या डोक्यात भणभणत होती. त्या चिडीतच ती परीक्षेला बसली आणि पास झाली.