तीन अळणी दिवस

मित्रांनो, पुसेगावच्या माणिकरावांच्या घरी उभा जन्म काढलेले मी एक जुने मिठाचे मडके. गावच्या कुंभाराने मला घडवले आणि माणिकरावांच्या बायकोने, चतुराबाईंनी, बोटाने वाजवून पसंत केले. मिठाला पाणी सुटू नये म्हणून मला चुलीजवळ ठेवत. त्या उबेत मला सारखी पेंग यायची. पोटातले खडे कुजबुजत, आणि मी कधीही न पाहिलेला समुद्र अर्धवट झोपेत माझ्या काठाशी येऊन जाई. अंगावर पांढरा खार फुलला, तेव्हा चतुराबाई कौतुकाने म्हणाल्या, मडकं मुरलं.

जवळच्या तांड्यावरचा हिरासिंग हा या घरचा सालगडी. अकरा वर्षे चतुराबाई त्याला आपल्या हाताने भाकरी वाढत होत्या.

१९३९ च्या उन्हाळ्यात माणिकरावांनी शेताच्या हद्दीवरचा धुऱ्याचा दगड शेजारच्या रुख्मिणीबाईंच्या शेतात सरकवला. ती बाई एकटी. तरी तक्रार घेऊन हिंगोलीच्या तहसिलीत गेली. माणिकरावांनी हिरासिंगला साक्षीला नेले. दगड पूर्वीपासून तिथेच आहे, एवढेच त्याने म्हणायचे होते. त्याने सांगितले, मालकाच्या सांगण्यावरून दगड मीच हलवला.

संध्याकाळी तो बैलांना वैरण घालायला आला, तेव्हा ओसरीवर चार माणसे बसली होती. त्यांच्यादेखत माणिकराव म्हणाले, "माझं मीठ खाऊन माझ्यावरच उलटलास. नमकहराम हायस तू."

हिरासिंगने वैरण घातली आणि तो खाली मान घालून निघून गेला.

ज्याचे मीठ खावे त्याचाच घात करणारा, तो नमकहराम. मिठात जन्म गेलेल्या मला हा अर्थ ठाऊक होता. पण त्या दिवशी तो काही केल्या हिरासिंगवर बसेना.

चतुराबाईंनी माझ्यावर झाकण घातले ते काढलेच नाही. वरण अळणी, भाजी अळणी. दोन दिवस माणिकरावांनी तसेच गिळले. तिसऱ्या दिवशी विचारले, "मीठ काहून न्हाई?"

चतुराबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "आपलं मीठ खाऊन खरं बोललं की नमकहराम व्हावं लागतं. मंग कोणीच खाऊ नये. घात त्यानं केला का तुमी?"

माणिकराव ताटावरून उठले. पहार घेऊन शेतात गेले, दगड जागेवर बसवला आणि तसेच तांड्यावर गेले. हिरासिंग त्यांच्यासोबत आला. पण ओसरीची पायरी चढेना.

"मालक, तुमी त्यो शब्द हितंच बोलला व्हता," तो म्हणाला.

माणिकरावांनी त्या चार माणसांना बोलावून घेतले. "मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. मग आत येऊन त्यांनी माझे झाकण काढले. त्या घरच्या पुरुषाचा हात प्रथमच माझ्यात शिरला. हिरासिंगच्या भाकरीवर मीठ त्यांनीच वाढले.

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे. मला जपले नाहीत तरी चालेल. पण असा शब्द उच्चारण्याआधी थोडे थांबा. तो ज्याच्या अंगावर पडतो, त्यालाही घर असते, लेकरे असतात. आणि तो शब्द घेऊनच त्याला घरी जावे लागते.