सतरा नंबरचे घास

"सतरा नंबरला तुमचे अठ्ठावन्न, डबीचेही अठ्ठावन्न." डॉक्टरबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी धरले. "म्हणजे मनावर घेतलं की जमतं तुम्हाला. मग बाकीच्या गायींना काय होतं? तेराला तुम्ही बावन्न लिहिता, डबी एकोणसाठ सांगते. एकवीसला सात कमी, चारला पाच कमी. मावशी, खरं सांगा, मधेच डोळा लागतो का तुमचा?"

टिकटिकबाईंनी टेबलावरच्या काळ्या डबीकडे असं पाहिलं, की डबीला जीव असता तर तिने मान खाली घातली असती.

बाईंना हे नाव कुरणावरच्या लोकांनी ठेवलं होतं आणि ते त्यांच्या हातातल्या काउंटरवरून पडलं होतं. गोठ्यात बांधलेली गाय किती खाते हे कळायला अक्कल लागत नाही. चारा तोलून टाकायचा, उरलेला तोलून काढायचा. कुरणात मोकळी चरणारी गाय मात्र कोणाला सांगून खात नाही. म्हणून चोवीस वर्षांपूर्वी या संशोधन केंद्रातल्या जुन्या साहेबांनी बाईंना एक तिपाई, एक घड्याळ आणि अंगठ्याने दाबायचा काउंटर दिला होता. एका गायीजवळ एक मिनिट बसायचं, घास तुटला की टिक. मग वहीत आकडा आणि पुढची गाय.

साहेबांनी एकच गोष्ट शिकवली होती. "तोंडाकडे बघू नका, तोंड फसवतं. गवत तुटल्याचा आवाज मोजा." गायीला वरचे पुढचे दात नसतातच. ती जिभेने गवताचा झुपका ओढते, खालच्या दातांनी वरच्या हिरडीवर दाबते आणि मानेला झटका देऊन तोडते. तेव्हा खर्र असा आवाज येतो. तो आला तरच घास, नाहीतर नुसता देखावा.

बाईंना हे काम मानवलं, कारण त्या मुळातच संशयी. दुकानदाराने दिलेला लोण्याचा पुडा घरच्या काट्यावर पुन्हा तोलणाऱ्या. शेजारीण फार गोड बोलली की दोन दिवस दार लावून घेणाऱ्या. नवऱ्याने म्हातारपणी कवळी बसवली, तेव्हा पहिला आठवडाभर समोर बसून त्याचे घास मोजले होते.

"अगं, मी काय तुझ्या कळपातला आहे का?" तो वैतागून म्हणायचा.

"कळपातलं जनावर खोटं बोलत नाही," बाईंचं उत्तर तयार असायचं.

दीड महिन्यापूर्वी नव्या डॉक्टरबाई आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ डब्या आल्या. प्रत्येक गायीच्या म्होरकीत, म्हणजे तोंडाभोवतीच्या दोरीत, हनुवटीखाली एक डबी. गायीने मान झटकली की डबी एक घास धरायची आणि आकडा ऑफिसातल्या पडद्यावर उमटायचा. बाईंनी पहिल्याच दिवशी एक डबी उलटीपालटी करून कानाला लावून पाहिली होती.

"हिला ऐकू येतं का?" त्यांनी विचारलं होतं.

"ऐकण्याचं काय काम, मावशी? हिला झटका कळतो."

बाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. गाय माशी उडवायलाही मान झटकते. अंग चाटताना झटकते. पण हे बोलून दाखवायला तोंड मोकळं असावं लागतं, आणि बाईंचं नव्हतं. त्याचं कारण सतरा नंबर.

सतरा चौदा वर्षांची होती. तिचा पहिला घास बाईंनीच मोजला होता. दूध पिणारं वासरू असताना तिने सहज चार काड्या ओढल्या आणि बाईंनी उगाच एकदा टिक केलं होतं. मोठी झाल्यावरही ती चरत चरत तिपाईपर्यंत यायची आणि बाईंच्या चपलेजवळचं गवत आधी खायची. दोन महिन्यांपूर्वी तिचा आवाज तुटायला लागला. मान पूर्वीसारखीच झटके द्यायची, पण दोन झटक्यांतून एकदाच खर्र. बाईंनी दुसऱ्या दिवशी तिचा खालचा ओठ दाबून पाहिलं. चार दात गेले होते, उरलेल्यांचे खुंट झाले होते.

केंद्राचा नियम साधा होता. म्हातारी गाय दूध कमी देते हे चालतं, पण चरणंच घटलं आणि सलग तीन आठवडे घटलेलं राहिलं, की गाडी येते. गाडीत चढलेली गाय परत आलेली कोणी पाहिली नव्हती. त्या दिवशी काउंटरवर एकतीस होते. बाईंनी वहीत अठ्ठावन्न लिहिले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लिहिण्याआधी आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

डब्या आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता बिंग फुटणार. पण पडद्यावर सतराचे अठ्ठावन्नच उमटले. सुटले म्हणायचं, तर बाईंना उलट रागच आला. आपण खोटं लिहिलं ते मायेपोटी. ही मेली डबी कोणाच्या मायेपोटी लिहिते?

"सोमवारी बैठक आहे," डॉक्टरबाई आता जरा हळू आवाजात म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त कागदावर विश्वास ठेवायला शिकलेल्या होत्या. "हाताने केलेली मोजणी भरवशाची नाही, असं मला लिहावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

"आणि वह्या?"

"वह्यांची खोली रिकामी करायची म्हणतायत. चुकीच्या नोंदी ठेवून काय करायचं?"

संध्याकाळी बाई जेवायला बसल्या, पण घास हातातच राहिला. समोर नवरा कवळीने सावकाश चावत होता. आयुष्यभर त्याने बसगाड्यांची इंजिनं ऐकून रोग ओळखले होते, त्यामुळे बायकोच्या गप्प बसण्यातला बिघाड त्याला लगेच कळला.

"काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. खोट्या आकड्यांसकट.

त्याने तोंडातला घास सावकाश चावून संपवला. मग म्हणाला, "जन्मभर माझ्यावर संशय घेतलास, आणि खोटेपणा केलास तू."

"टोचून बोलू नका."

"बरं, नाही बोलत. पण मला सांग, डबी चुकते हे तुला ठाऊक आहे. मग उद्या सांगत का नाहीस?"

"कशी सांगू? डबी चुकते हे सिद्ध करायला सतराच दाखवावी लागेल. बाकीच्या गायींचा फरक पाच-सातचा. त्या म्हणतील, म्हातारीचे कान गेले. सतराचा फरक निम्म्याचा आहे. तो दाखवला की वह्या वाचतात, आणि ती जाते."

नवऱ्याने ताटातला तुकडा उचलला आणि परत ठेवला. "मला कवळी मिळाली," तो म्हणाला, "तिला कोण देणार?" थोडं थांबून त्याने विचारलं, "पोट भरतं का तिचं?"

हा प्रश्न बाईंनी स्वतःला दोन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. सतराच्या बरगड्या त्यांना रोज दिसत होत्या. इतर गायी सावलीत बसून रवंथ करू लागल्या तरी ती एकटी उन्हात मान हलवत असायची, हेही दिसत होतं. सगळ्या जगाला तपासून घेणाऱ्या बाईंनी तेवढ्याकडे मात्र डोळेझाक केली होती.

"नाही भरत," त्या म्हणाल्या आणि ताट सारून उठल्या.

सकाळी कुरणावर दव असताना त्यांनी डॉक्टरबाईंना बोलावून नेलं. तिपाई तेरा नंबरपाशी ठेवली आणि त्यांना बसायला लावलं.

"डोळे मिटा."

"मावशी, मला वेळ..."

"एकच मिनिट. मला झोप लागते की नाही ते कळेल तुम्हाला."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. खर्र, खर्र, खर्र. मधेच तेराने माशी उडवली, मानेला झटका दिला, आवाज आला नाही. पुन्हा खर्र. डॉक्टरबाईंच्या कपाळावर एक आठी उमटली. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "आत्ता तो झटका... तो डबीने धरला असेल?"

"तुम्हीच सांगा."

सतरा नंबरला शोधावं लागलं नाही. तिपाई दिसताच ती आपणहून आली आणि बाईंच्या पायाजवळ चरू लागली. झटका. झटका. खर्र. झटका. दातांतून निसटलेलं गवत पुन्हा जसंच्या तसं उभं राहत होतं. मिनिट संपलं तरी डॉक्टरबाईंनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी आणखी एक मिनिट ऐकलं. मग उठून सतराचा ओठ खाली केला आणि सोडला.

"किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"मग तुमच्या वहीत अठ्ठावन्न कुठून आले?"

"मी खोटं लिहिलं." बाई एका दमात म्हणाल्या. "एवढ्या एकाच गायीचं. बाकी सगळं खरं आहे. आता विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही बघा."

"हे मला बैठकीत सांगावं लागेल, मावशी."

"सांगा की. सांगण्यासाठीच आणलं तुम्हाला."

दुपारभर बाई ऑफिसात बसून वहीतला सतराचा एकेक खोटा आकडा लाल पेनाने खोडत होत्या. खोडलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी सही करत होत्या. खरे आकडे त्यांनी कुठेही लिहून ठेवले नव्हते. पण ते सगळे त्यांना पाठ होते.

सोमवारी बैठक झाली. चोवीस वर्षांच्या वह्या राहिल्या, दोन महिन्यांचा सतराचा भाग वगळला गेला. डब्या नीट करायला परत पाठवायचं ठरलं, आणि तोवर मोजणी बाईंनीच करायची. फक्त यापुढे प्रत्येक पानावर डॉक्टरबाईंचीही सही लागणार होती. जन्मभर दुसऱ्यांना तपासणाऱ्या बाईंनी मान डोलावली. त्यांनाही ते बरोबरच वाटलं.

गाडी बुधवारी आली. गुराखी सतराची म्होरकी काढून तिला गाडीच्या फळीवर चढवायला गेला, पण ती अडून बसली. बाईंनी बांधावरचं कोवळं गवत मूठभर उपटलं, बारीक तोडलं आणि तळहातावर धरून पुढे चालू लागल्या. सतरा मागोमाग चढली. तळहातावरचं सगळं तिने जिभेने टिपून घेतलं. त्याला दात लागत नाहीत.

गाडी गेल्यावर बाई ऑफिसच्या पायरीवर बसून राहिल्या. गुराख्याने म्होरकी फाटकाच्या खिळ्याला अडकवली होती. वारा सुटला होता आणि ती डबीसकट फाटकावर हेलकावत होती.

आतून डॉक्टरबाई लगबगीने बाहेर आल्या. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग त्यांची नजर फाटकाकडे गेली.

"मावशी, पडद्यावर सतरा नंबर..." त्या अडखळल्या. "मिनिटाला एकसष्ट घास दाखवतोय. थांबा, बंद करते मी."

बाईंनी फाटकाकडे पाहिलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "चरू द्या तिला थोडा वेळ."