माप दिलेल्या दिवशीचा दर

मित्रांनो, मी एक जुना दरफलक आहे. टेलरच्या दुकानात, माप घेण्याच्या टेबलाच्या वर, भिंतीतल्या एका वाकड्या खिळ्याला टांगलेला. मला पाहिलेत तर हसाल, कारण माझ्यावर आकडे कमी आणि खाडाखोड जास्त आहे. हसा बापडे! पण ती खाडाखोड मी केलेली नाही, एवढे आधी ऐकून घ्या. मी आयुष्यभर लोकांना भाव सांगितला आणि त्यांनी आयुष्यभर मलाच नावे ठेवली.

एका मोठ्या खोक्याच्या फळ्या जोडून सुताराने मला घडवले. रंगाऱ्याने पांढरा रंग देऊन वर लाल अक्षरे काढली. पँट, शर्ट, कोट, आणि प्रत्येकापुढे ठसठशीत आकडा. सर्वांत खाली मास्तरांनी मुद्दाम एक ओळ लिहवून घेतली: ‘माप दिलेल्या दिवशीचा दर लागू.’ मास्तर म्हणजे आमचे टेलर. माणूस सज्जन, कात्रीचा हात देखणा, पण एकदा बोलले की बोलले. गिऱ्हाईक आज माप देते, मग कपडा न्यायला ते कधीही येवो, आपला शब्द बदलता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. लोकांनी त्या ओळीचे फार कौतुक केले. मीही फुशारलो. पुढे तीच ओळ माझ्या डोक्याला ताप होणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

मास्तर कापायचे आणि शिवायचे, आणि त्यांची बायको, म्हणजे गिऱ्हाइकांच्या काकू, बटणांची काजे हाताने करायच्या. एकेका काजाला किती बारीक टाके लागतात, ते करून पाहिल्याशिवाय कळायचे नाही. दुपार कलली की काकू कपडा घेऊन दाराशी उजेडात जायच्या आणि मधूनमधून डोळे चोळायच्या. काज करायचे मशीन घ्यायचे, म्हणजे डोळ्यांना आराम पडेल, असे दोघांनी ठरवले. त्यासाठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पैसे पडू लागले. माझी सगळी तगमग त्या मशीनसाठीच होती.

मग महागाई आली. आधी धागा वाढला, मग अस्तर, मग बटणे, मग दुकानाचे भाडे. मास्तरांनी माझ्यावरचा आकडा खरवडून नवा रंगवला. तो वाळतोय न वाळतोय तोच तिसरा. पँटच्या आकड्यावर रंगाचे इतके थर चढले की तिथे गळू झाल्यासारखे दिसायचे. आणि लोक चिडायचे कुणावर? माझ्यावर! ‘बघा, फळ्याने पुन्हा भाव वाढवला!’ अरे, मी वाढवला? मी काय धागा विकतो?

त्या दिवसांत दवाखान्यातल्या कंपाउंडरनी माझी खालची ओळ सावकाश, दोनदा वाचली.

“मास्तर, पाच पँटी आणि आठ शर्ट. माप आजच घ्या.”

“एवढे? घरात लग्नबिग्न निघालंय का?”

“छे हो. शिवा निवांत. पुढच्या वर्षी नेईन, नाहीतर त्याच्या पुढच्या. दर मात्र आजचा ना?”

“म्हणजे काय! आपला शब्द आहे.”

झाले! बातमी फुटायला कितीसा वेळ? लोक कापडांचे गठ्ठे घेऊन धावत आले. कुणी दोन वर्षांचे कपडे एकदम टाकले. एका बाईंनी तर शाळकरी मुलाचे माप देताना ‘कॉलेजात जाईपर्यंत पुरेल असं सैल धरा’ म्हणून सांगितले. धंदा बहरला म्हणून मास्तर खूश. मला मात्र खिळ्यासकट खाली पडावेसे वाटत होते. अहो, धागा, बटणे आजच्या भावाने आणायची आणि शिलाई गेल्या वर्षीच्या भावाने घ्यायची, हा कुठला धंदा? जितके जास्त शिवाल तितके जास्त खड्ड्यात!

तरीही पोटाला चिमटा काढून दोघे डब्यात पैसे टाकत होते. पण डबा भरत आला की मशीनची किंमत आणखी पुढे गेलेली असायची. नोटा त्याच, नोटांवरचा आकडाही तोच. पण ज्या पैशांत आधी अर्धे मशीन आले असते, त्यांत आता त्याचे नुसते पायडल आले असते. महागाईत हे असे होते मित्रांनो. वस्तू होती तेवढीच राहते आणि खिशातला पैसा आटत जातो. काकू म्हणाल्या, “कुणाकडून तरी उसने घेऊ, पण मशीन आणू.” मास्तर म्हणाले, “थांब गं, भाव आज ना उद्या उतरतील.” काकू पुन्हा दाराशी जाऊन बसल्या.

आणि भाव खरेच उतरले. गावाबाहेरच्या कारखान्याने माणसे कमी केली. लोकांनी हात आखडता घेतला. दुकानांत माल पडून राहिला आणि किमती घसरू लागल्या. मला वाटले, सुटलो एकदाचा! कसचे काय. आता आकडे खाली आणण्यासाठी पुन्हा तीच खरवड, पुन्हा तोच ब्रश.

भाव शिगेला असताना, ते आणखी चढतील या भीतीने कंपाउंडरनी एक कोट टाकला होता. तो शिवून तयार होता. कंपाउंडर आले आणि आधी माझ्याकडे बघितले.

“मास्तर, माझं पोट कमी झालंय. तो कोट आता बसायचा नाही. नवीन माप घ्या.”

पोट जिथल्या तिथे होते, उतरला होता तो माझ्यावरचा दर. मास्तरांनी टेप काढली.

“नाही, आज नको,” कंपाउंडर घाईने म्हणाले. “पुढच्या महिन्यात येतो. तोवर आणखी उतरेल ना.”

तेही गेले आणि त्यांच्यामागे सगळेच गेले. स्वस्ताई ऐकायला गोड वाटते. पण उद्या आणखी स्वस्त मिळणार म्हटल्यावर आज कोण घेतो? कुणी घेत नाही म्हणून भाव आणखी पडतात, आणि भाव पडतात म्हणून पुन्हा कुणी घेत नाही. मास्तर माशा मारत बसले. भाडे मात्र तसूभर उतरले नाही, कारण घरमालकाकडे जुना करार होता. तयार कपडे हँगरवर धूळ खात होते आणि मी त्यांच्याकडे बघून चरफडत होतो.

एक गोष्ट तेवढी चांगली झाली. डब्यातले पैसे होते तेवढेच होते, पण आता त्यांत मशीन येत होते! काकूंनी डबा टेबलावर ठेवला.

“अहो, चला. आजच घेऊन टाकू.”

“अगं, गेल्या महिन्यापेक्षा उतरलंय,” मास्तर म्हणाले. “पुढच्या महिन्यात आणखी उतरेल. घाई कशाला?”

सकाळी ज्या कंपाउंडरच्या नावाने बोटे मोडली, त्याचीच भाषा संध्याकाळी मास्तरांच्या तोंडी! मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण काकूंना तोंड होते.

“भाव चढत होते तेव्हा थांब म्हणालात. आता उतरतायत तरी थांबच. मशीन उतरेल हो, पण माझे डोळे थांबणार आहेत का?”

त्यांनी हातातला शर्ट मास्तरांपुढे टाकला. एक काज खुणेच्या बाजूला चिरले गेले होते. इतक्या वर्षांत काकूंची खूण कधी चुकली नव्हती. मास्तरांनी त्या काजावरून अंगठा फिरवला, पायांत चपला सरकवल्या आणि डबा काखेत मारून बाहेर पडले.

मशीन आले. काकूंनी त्याच दिवशी ब्रश घेतला, माझी खालची ओळ खरवडून काढली आणि तिथे स्वतः लिहिले: ‘दर एका महिन्यापुरता. कपडा वेळेवर न्यावा.’ ओळ डावीकडून उजवीकडे घसरत गेली आहे. एरवी मी कुरकुरलो असतो, पण त्या दिवशी गप्प बसलो. कारण आदल्याच दिवशी काकूंना तपासून डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, डावा डोळा आता आहे तेवढाच राहील, गेलेली नजर परत यायची नाही.

आता काजे मशीन करते. पण मशीनच्या सुईत दोरा ओवावा लागतोच, आणि तो काकूंना ओवता येत नाही. म्हणून रोज सकाळी दुकान उघडले की मास्तर आधी चष्मा लावतात, दोरा ओवून देतात आणि मगच आपल्या कात्रीकडे वळतात.

मित्रांनो, भाव चढतात आणि उतरतात, माझ्या अंगावर दोन्ही रंगवून झाले आहेत. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. ज्या माणसासाठी पैसे साठवता, त्याच्याकडे अधूनमधून नीट बघत जा. भावाकडे बघायला मी आहे.